वाटीखाली कोण?

लेलेबाईंच्या घरात शिरायचं तर आधी उत्तर द्यावं लागतं. बेल वाजवली की दार साखळीपुरतं उघडतं, फटीत चष्मा दिसतो आणि प्रश्न येतो, "नऊ किती छत्तीस?" उत्तर आलं की साखळी निघते. नाही आलं तर बाई म्हणतात, "सावकाश आठवा, मला घाई नाही," आणि दार लागतं. आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत गॅसचा सिलिंडर आणणारे गृहस्थ आता जिन्यातूनच "चार! सहा! आठ!" ओरडत चढतात. त्यातलं एखादं लागू पडतंच.

बाई महापालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं तिसरीचा वर्ग शिकवून निवृत्त झाल्या. आता वय चौऱ्याहत्तर. भागाकार नावाचं काही वेगळं जगात नाहीच, असं त्यांचं ठाम मत. "पाढा चढलात की गुणाकार, उतरलात की भागाकार. उतरायला दुसरा जिना बांधतं का कुणी?" सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी अठ्ठेचाळीस खुर्च्यांच्या सहा-सहाच्या रांगा किती, हे बघायला मोबाईल काढला, तेव्हा मागून आवाज आला, "अहो, सहा आठे अठ्ठेचाळीस. मांडा आणि बसा." सेक्रेटरी चार्टर्ड अकाउंटंट आहेत. तेव्हापासून ते बाईंच्या समोर मोबाईल काढत नाहीत.

मीही बाईंना हसणाऱ्यांतलाच. पण आमच्या मुक्ताचा भागाकार अडला आणि माझं हसू आटलं. मुक्ता तिसरीत, इंग्रजी माध्यमात. भागाकार सुरू झाल्यापासून गणिताच्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं. आम्ही ॲप घेतलं. त्यातला हत्ती चुकलं की रडायचा, म्हणून मुक्ताही रडायची. एका सकाळी ती दप्तरासकट जिन्यात बसली आणि म्हणाली, "बाबा, आय ॲम बॅड ॲट मॅथ्स. मी नाही जाणार." आठ वर्षांच्या पोरीने स्वतःचा निकाल लावूनही टाकला होता. मला खराडीला ऑफिस गाठायचं होतं, म्हणून मी ओरडलो. त्याची मला अजून लाज वाटते.

वरच्या मजल्यावरून बाई उतरल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाढे येतात का गं?"

मुक्ताने डोळे पुसत सातचा पाढा म्हटला. सेव्हन वन्स आर सेव्हन, सेव्हन टूज आर फोर्टीन, थेट सेव्हंटीपर्यंत, न अडखळता. बाईंचा चेहरा पडला. त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. पण माघार घेतील तर त्या लेलेबाई कसल्या! "संध्याकाळी वर ये," त्या म्हणाल्या. "आधी तू मला शिकव. मग मी तुला शिकवते."

पुढचे आठ दिवस पहाटे वरून जे स्तोत्र ऐकू यायचं, ते "एट फोर्स आर थर्टी टू" असं असायचं. मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाईंनी दोनपासून दहापर्यंतचे पाढे इंग्रजीत पाठ केले, कारण पोरीला ज्या भाषेत येतात त्याच भाषेत तिला उलटं विचारायचं होतं.

मग वाटी आली. बाई फरशीवर खडूने तीन आकडे लिहायच्या, सात, आठ, छप्पन्न. "हे तिघं एका घरात राहतात. आता ओळख, वाटीखाली कोण?" कधी छप्पन्नावर वाटी, कधी आठावर. मुक्ता धडाधड सांगायची. मी खूश झालो आणि भागाकाराचं चिन्ह घालून तोच प्रश्न वहीत लिहून दिला. मुक्ताच्या डोळ्यांत पाणी.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये यायला?" बाई कडाडल्या. "तिला उत्तर येतंय. भीती त्या दोन टिंबांची आहे. ती मी काढीन. तिला इथे मुक्कामाला ठेवून घ्यावं लागलं तरी काढीन."

महिनाभर त्यांनी एकही संध्याकाळ चुकवली नाही. ताप आला तेव्हा कानाला मफलर गुंडाळून बसल्या. वाटीशेजारी त्या ते चिन्ह रोज थोडं थोडं आणत गेल्या, आधी एका कोपऱ्यात, मग आकड्यांच्या मधोमध. शेवटी एक दिवस मुक्ताच खाली बघून ओरडली, "आजी, हे तर वाटीचंच आहे!"

तोंडी परीक्षेत तिने दहाच्या दहा भागाकार बरोबर सांगितले. मी पेढे घेऊन वर गेलो. साखळीतला प्रश्न त्या दिवशी झाला नाही. बाईंनी सरळ आत घेतलं. मी आभार मानू लागलो तसा त्यांनी हात वर केला.

"आभार कसले? मी एका मुलीला भागाकार येत नाही म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं. नवी होते, कडक होते. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, तुला गणित कधी येणार नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. मी घरी जाऊन आले, तर बिऱ्हाड हललेलं." बाईंनी चष्मा काढला. "पाढे तिला माझ्यापेक्षा स्वच्छ येत होते हो. तेच उलटे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"शेवंता बबन ढमाले. खिडकीशेजारी, तिसरा बाक."

तेहतीस वर्षं वर्गच्या वर्ग शिकवलेल्या बाईंना हे सांगायला क्षणभरही थांबावं लागलं नाही.