मास्तरांनी आणलेले दोन फॉर्म

"मेल्यावरही मी शिकवणारच!" जीवशास्त्राच्या निवृत्त मास्तरांनी गल्लीभर जाहीर करून टाकलं. न्हाव्याला सांगितलं, दातांच्या डॉक्टरला तर तोंडात यंत्र असतानाच सांगितलं! मग मेडिकल कॉलेजातून देहदानाचे दोन फॉर्म आणले. एक खराब झालाच तर असावा म्हणून दुसरा.

"जन्मभर बडबडलात, मेल्यावर तरी गप्प पडा की!" बायको म्हणाली. पण साक्षीदाराच्या जागी सही केली आणि उरलेला फॉर्म स्वतःकडे ओढला.

"हे काय?"

"मग मी काय इथे एकटी पडून राहू?"

मास्तरांनी हसत हसत साक्षीदार म्हणून सही ठोकली. पहिला नंबर आपलाच, याची त्यांना खात्री होती. हृदयाचे दोन झटके, साखर, बीपी, सगळी तयारी झालेली! बायकोला साधी सर्दी होत नसे.

आणि एका सकाळी कपडे वाळत घालता घालता ती खाली बसली, ती बसलीच.

डॉक्टर मृत्यूचा दाखला देऊन गेले. मुलीने रडत रडत कॉलेजला फोन केला. तासाभरात बेल वाजली. मास्तरांनी दार चार बोटं उघडलं. बाहेर कॉलेजच्या गाडीचा ड्रायव्हर, एक मदतनीस आणि स्ट्रेचर.

"चुकीचं घर," मास्तर म्हणाले.

"पत्ता तर हाच आहे, काका. बाई कुठे आहेत?"

"आंघोळीला गेलीय!"

नेमका त्याच वेळी आतून मुलीने हंबरडा फोडला, "आई गं!"

मास्तरांनी धाडकन दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

"बाबा, काय करताय हे? तुम्हीच तर सगळ्यांना सांगत फिरत होतात!"

"ते माझ्याबद्दल! माझं काय हवं ते कापू देत!"

 मुलीने त्यांना दंडाला धरून हळूच बाजूला केलं आणि कडी काढली.

"तुमच्या कॉलेजातली पोरं कशी आहेत हो?" मास्तरांनी ड्रायव्हरला विचारलं. "दांडगी नाहीत ना?"

"पहिल्या वर्षाची असतात, काका. निम्मी तर पहिल्याच दिवशी चक्कर येऊन पडतात."

"मग हिला आवडतील," मास्तर म्हणाले.

ड्रायव्हरने ताबा देण्याचा कागद पुढे केला. मास्तरांनी चष्मा लावला, ठसठशीत अक्षरात सगळं लिहिलं, खाली सही केली. ड्रायव्हर कागदाकडे बघतच राहिला.

"काका, मृताच्या जागी तुम्ही तुमचंच नाव लिहिलंत! वयसुद्धा तुमचंच!"

"असं?"

"हा नाही चालायचा. दुसरा आणायला परत कॉलेजात जावं लागेल. तासभर तरी मोडेल!"

"मोडू द्या," मास्तर म्हणाले. "घाई करू नका. गाडी सावकाश चालवा."

आणि खुर्ची ओढून ते बायकोजवळ जाऊन बसले.