चाकांखालची चाकं

आमच्या गॅरेजमधली गाडी डाव्या भिंतीला डॉलीवरून सरकवण्याचं काम सध्या समाधानकारक रीतीने सुरू आहे. डॉली म्हणजे काय, ते आधी मलाही ठाऊक नव्हतं. लोखंडी पाट असतो, त्याला खाली बारकी चाकं. असा एकेक पाट गाडीच्या प्रत्येक चाकाखाली घातला की गाडी आडवी, तिरकी, कशीही ढकलता येते. म्हणजे ज्या वस्तूला मुळातच चाकं आहेत, त्या चाकांना आपण वरून आणखी चाकं द्यायची.

गाडी माझ्या मुलाची. तिला घरात गाडी म्हणायचं नाही, प्रोजेक्ट म्हणायचं. तिला इंजिन नाही, मागची सीट नाही, टायरांत हवा नाही. बाकी सगळं उत्तम आहे. सुट्टीच्या दिवशी मुलगा तिच्याशेजारी उभा राहतो, बॉनेट उघडतो, रिकाम्या जागेकडे बघतो आणि बॉनेट मिटतो. याला 'काम चालू आहे' म्हणतात. मी कधी तोंड उघडलं नाही. बाहेर जाऊन भलत्या नादाला लागण्यापेक्षा घरातल्या घरात लागलेला बरा.

मग माझ्या थोरल्या जाऊबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "जिना बंद. खाली खोली असेल तर घरी न्या, नाहीतर देखभाल केंद्रात सोय करते." आमचं राहणं वरच्या मजल्यावर. खाली जागा एकच, गॅरेज. तिथे खिडकी आहे, मागे न्हाणीघर आहे आणि मधोमध तिरपं प्रोजेक्ट आहे.

जाऊबाईंनी माझा हात धरला. ज्या बाईने मला लग्न होऊन आल्यापासून एकदाही बरं म्हटलं नाही, ती म्हणाली, "धाकटे, त्या केंद्रात नको गं टाकूस मला. तिथं भांडायला कोण मिळणार?"

"घरीच नेते," मी म्हणाले. या घरात माझ्या शब्दाशिवाय पान हलत नाही. पानं हलतात हो माझ्या शब्दाने. गाडीचं विचारू नका.

घरी येऊन मुलाला सांगितलं, "गाडी भिंतीला लाव. काकूची खाट टाकायचीय."

"आई, चाकं पुढे-मागे फिरतात. आडवी नाही सरकत गाडी."

"मग चार माणसं बोलाव, मागून उचला नि ठेवा बाजूला."

"बॉडी वाकेल!"

"वाकू दे. काकूचं हाड मोडलंय तुझ्या."

"म्हणूनच तर म्हणतो, घाई नको. काम पद्धतशीर करू. डॉली मागवू."

पद्धतशीर हा शब्द ऐकताच आमचे हे चष्मा पुसत आले. निवृत्त झाल्यापासून त्यांना बैठकीवाचून करमत नव्हतं. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची गॅरेजमध्ये नेली आणि अध्यक्षस्थान स्वीकारलं. शेजारचे इंजिनिअर, ज्यांच्या कमरेला कायम टेप असतो म्हणून गल्ली ज्यांना मोजपट्टी म्हणते, ते तज्ज्ञ सदस्य झाले. मुलगा निमंत्रक. चहाचं खातं माझ्याकडे, बिनविरोध.

पहिला विषय निघाला, पोलादी चाकं की रबरी चाकं. पोलादी चाक मजबूत, पण आवाज करतं. रबरी चाक मुकं, पण वजनाखाली दबतं. मग मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचायला घेतले. एका डॉलीला हजारो लोकांनी नावाजलं होतं, पण एका गृहस्थाला खोका फाटका मिळाला होता. ती बाद. दुसरीबद्दल एकजणही वाईट बोलला नव्हता. "इथे कुठेतरी पाणी मुरतंय," असं म्हणून ह्यांनी तीही बाद केली. तिसरीला ब्रेक होता. ब्रेक असावा की नसावा, यावर मतभेद इतके विकोपाला गेले की मोजपट्टी चहा अर्धा टाकून घरी गेले. न हलणाऱ्या गाडीला ब्रेक कशाला, हे मी जिन्यावरून विचारलं. प्रश्न विषयपत्रिकेत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोजपट्टी परत आले ते फरशीची पातळी बघायची पाणसळ घेऊन. गुडघ्यांवर रांगत त्यांनी सगळी फरशी तपासली आणि गंभीर चेहऱ्याने उठले. "जमिनीला भेगा आहेत. बारकं चाक भेगेत रुतणार. कुठलीही डॉली घ्या, आधी जमीन गुळगुळीत करावी लागेल."

"मग करून टाका," मी म्हणाले.

"वहिनी, गाडी बाहेर काढल्याशिवाय जमीन कशी करणार?"

"मग काढा बाहेर."

"डॉलीशिवाय कशी काढणार?"

मी मटकन खालीच बसले. "तिथे नका बसू," मोजपट्टी म्हणाले, "खडूची खूण पुसली जाईल."

यावर तोडगा असा निघाला की जमीन होईपर्यंत तात्पुरत्या डॉली घ्याव्यात आणि मग त्या जमिनीसाठी कायमच्या. तात्पुरत्या डॉली पोलादी असाव्यात की रबरी, यासाठी उपसमिती नेमली. उपसमितीत तेच तिघे होते, फक्त खुर्च्यांची अदलाबदल केली.

तिकडे दवाखान्यात जाऊबाई रोज विचारत, "काय गं, हलली का?"

"निवड चाललीय."

"माझ्या माहेरच्यांनी मला नवरा बघितला, तेव्हासुद्धा एवढी चौकशी केली नव्हती."

"केली असती तर तुम्ही नसता आलात या घरात."

"तूही नसतीस आलीस, धाकटे." हसता हसता कळ आली तशी त्यांनी ओठ दाबला. मग हळूच म्हणाल्या, "केंद्राची बाई येऊन गेली आज. गोड बोलत होती. मला गोड बोललेलं सोसत नाही."

मी घरी आले ती तडक भंगारवाल्याला फोन लावून. म्हटलं, समितीच्या छातीवरून प्रोजेक्ट उचलून न्यायला लावते. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदर खोचून दारात उभी राहिले. भंगारवाला आला, गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारून बघितली.

"नेली असती ताई. पण टायर बसलेत. बाहेर कशी ओढणार? हिला डॉली लागतील."

तिघांनीही माझ्याकडे असं बघितलं, जणू मी साक्षीदार म्हणून आणलेला माणूस त्यांच्याच बाजूने बोलला. खरं तर तसंच झालं होतं. भंगारवाल्याला खुर्ची मिळाली. त्याने या धंद्यात बऱ्याच डॉली मोडीत काढल्या होत्या. कुठली कुठे मोडते, हे तो हातवारे करून सांगू लागला. मी आणखी एक कप आणला.

शेवटी मतदान झालं. खोके आले, उघडले गेले, प्रत्येक चाक बोटाने फिरवून बघितलं गेलं. मुलगा इतका आनंदला की मी म्हटलं, चला, सुटलो. "आता घाला खाली."

"घालू की. पण आधी गाडी उचलायला जॅक लागेल ना. आपला जुना जॅक भरवशाचा नाही."

"मग?"

"जॅक निवडावा लागेल," हे म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

त्याच सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. खाट दुसऱ्या रुग्णाला हवी, आजच न्या. घरी की केंद्रात, ते सांगा. मी समितीला न विचारता 'घरी' म्हणाले. रुग्णवाहिका फाटकात आली तेव्हा गॅरेजमध्ये प्रोजेक्ट आणि उजव्या भिंतीच्या मध्ये एक खाट कशीबशी मावत होती. पण ती टाकली की न्हाणीघराचं दार उघडेना. पुढे ओढली की गॅरेजचं फाटक लागेना. ओढताना खाट दणके देई आणि जाऊबाईंचा चेहरा पांढरा पडे.

तेव्हा आमच्या ह्यांना आयुष्यातली एकमेव कल्पना सुचली. डॉली रिकाम्याच पडल्या होत्या. त्यांनी खाटेच्या चारी पायांखाली एकेक डॉली सरकवली. एका बोटाने ढकललं, आणि जाऊबाई आवाज न करता प्रोजेक्टला वळसा घालून खिडकीपाशी गेल्या. एकाही भेगेत चाक रुतलं नाही.

"भारचाचणी यशस्वी!" मोजपट्टी म्हणाले. भंगारवाल्याने टाळ्या वाजवल्या.

"धाकटे," खाटेवरून आवाज आला, "ह्यांना सांग, मी प्रोजेक्ट नाही."

"प्रोजेक्टला एवढं कोणी ढकलत नाही हो, जाऊबाई."

तेव्हापासून व्यवस्था लागली आहे. मुलाला बॉनेट उघडायचं असलं की काकूला मागे ढकलतो. मोजपट्टींना जॅकसाठी मापं घ्यायची असली की काकू दारात. फाटक लावायचं असलं की काकू तिरपी. गाडी मधोमध आहे, जिथे होती तिथेच. जी हलायला हवी ती हलत नाही, म्हणून जिला हलू नको सांगितलंय तिला हलवतो.

भेटायला पाहुणे येतात. खाटेजवळ आले की सगळे खाली वाकतात. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारीच्या तोंडाजवळ जाऊन मायेने बोलतायत. तर नाही, चाकं बघत असतात. कुठून मागवली, किती वजन घेते, ब्रेक आहे का. जाऊबाई छताकडे बघत पडून असतात. परवा एकाला म्हणाल्या, "बाबा, वर मीही आहे." तो म्हणाला, "हो ना काकू, म्हणूनच विचारतोय, वजन किती घेते."

आता तुम्ही इतका वेळ वाचलंत, तर शेवटी मत कशाला पडलं, पोलादीला की रबरीला, हे मी सांगितलं नाही म्हणून चुटपुट लागली असेल. लागणारच. सांगते, त्यात काय एवढं. पण जाऊबाईंच्या खुब्याचं काय झालं, हेही मी कुठे सांगितलेलं नाही. ते विचारायला तुमच्यापैकी कोण थांबलं होतं?