मोदकपात्रातला शास्त्रार्थ

“टोकेकरांच्या घराण्याला पराभव ठाऊक नाही! पावणेदोनशे वर्षांत झाला नाही आणि पुढच्या पावणेदोनशे वर्षांतही होणार नाही!”

बिंदुमाधवपंत टोकेकरांनी ही घोषणा केली तेव्हा ते जमिनीपासून अडीच फूट वर होते. एक हात भिंतीतल्या उंच कोनाड्यात होता आणि दुसरा, पुढे इतिहास उभा असल्यासारखा, हवेत होता.

“घराण्याचं मागाहून बघू,” खालून प्रेमलाबाई म्हणाल्या. “आधी खाली उतरा. तुम्ही माझ्या शिलाई मशीनवर उभे आहात.”

पंत उतरले. उतरताना पाय पायडलवर पडला, मशीन आपोआप चार टाके शिवून गेलं आणि धोतराचा सोगा प्रेमलाबाईंच्या अर्धवट ब्लाउजला कायमचा जोडला गेला. पण पंतांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या छातीशी लाल बासनात बांधलेली पोथी होती, आणि आज ती उघडायची होती.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. पंत मुगलसरायच्या पार्सल ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत त्यांना मान होता तो पार्सलांमुळे नव्हे, तर गोपीनाथशास्त्र्यांमुळे. गोपीनाथशास्त्री टोकेकर हे त्यांच्या पणजोबांचे आजोबा. त्यांनी अमृतराव घाटावर तीन दिवस शास्त्रार्थ करून वेणीमाधवशास्त्री निमगावकरांना निरुत्तर केलं आणि यजमानाकडून शालजोडी मिळवली. हे पंतांना वडिलांनी मुंजीत सांगितलं. प्रेमलाबाईंना बघायला गेले तेव्हा पंतांनी ते होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, आणि त्यानंतर जो कोणी पाच मिनिटांहून जास्त वेळ त्यांच्या ओट्यावर टेकला त्याला सांगितलं.

अडचण एवढीच होती की समोरच्या घरात देवव्रत निमगावकर राहत होते, आणि तेही हीच गोष्ट सांगत. घाट तोच, तीन दिवस तेच, शालजोडी तीच. फक्त निरुत्तर झालेला माणूस बदलत असे.

दोन घरांमधली गल्ली इतकी अरुंद की एका घरातल्या फोडणीनं दुसऱ्या घरात ठसका लागावा. वास जात होता, ठसके जात होते, माणसं मात्र पावणेदोनशे वर्षांत एकमेकांचा उंबरा ओलांडून गेली नव्हती. तसा रिवाजच होता. कोणी घातला ते कोणालाच माहीत नव्हतं.

पुरावा दोघांकडेही होता. शालजोडीतली एक शाल टोकेकरांच्या पेटीत होती; दुसरी कसरीनं खाल्ली, असं पंत सांगत. निमगावकरांच्या पेटीतही एक शाल होती. त्यांची दुसरी गंगेच्या पुरात वाहून गेली होती. राहता राहिली पोथी. शास्त्रार्थ चालू असताना लेखकानं तो शब्दन् शब्द उतरवून घेतला होता आणि ती पोथी टोकेकरांच्या कोनाड्यात होती.

“पोथीत विजय आमचाच आहे,” देवव्रत गल्लीभर सांगत. “नाहीतर उघडायला एवढे भितात कशाला?”

पंत भीत नव्हते. पोथी उघडायची नाही, हा भक्तीचा भाग होता. दसऱ्याला पुस्तकांची पूजा होते आणि त्या दिवशी ती वाचायची नसतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. टोकेकरांनी तो नियम उरलेल्या दिवसांनाही लावला, इतकंच. दर दसऱ्याला पोथीवर हळद, कुंकू, अक्षता वाहायच्या, वरून भरपूर गंगाजल शिंपडायचं आणि बासन घट्ट बांधून परत ठेवायची. पिढ्यान्‌पिढ्या, एकही वर्ष न चुकता.

आज मात्र प्रसंग वेगळा होता. पुण्याच्या वीणा पटवर्धन काशीतल्या मराठी घराण्यांवर पुस्तक लिहीत होत्या. शास्त्रार्थाचा खरा निकाल त्यात छापला जाणार होता. “पण पोथी उघडताना दोन्ही घरं हजर हवीत,” अशी त्यांची अट होती. पंतांनी ती आनंदानं मानली. इतकंच नव्हे, चुनारच्या दगडावर ‘वादविजयी गोपीनाथशास्त्री टोकेकर यांचे निवासस्थान’ अशी पाटीही कोरून घेतली. ती सध्या खाटेखाली होती आणि उद्या सकाळी गवंडी येणार होता.

तीन वाजता वीणाताई आल्या. पाठोपाठ देवव्रत आले. उंबऱ्यापाशी ते थबकले, इष्टदेवतेचं नाव घेतलं आणि थंड पाण्यात उतरावं तसा उजवा पाय आत टाकला.

“चहा टाकू ना?” प्रेमलाबाईंनी विचारलं.

“पाणी चालेल,” देवव्रत म्हणाले. “चहा म्हणजे संबंध आले.”

पंतांनी बासन सोडलं. आतून पोथी निघाली आणि पाटावर ठेवताच ठक्‌ असा आवाज झाला. पंतांनी वरचं पान उचललं. पोथी पुरीच उचलली गेली. खालचं पान धरलं, तरीही पुरीच उचलली गेली. इतक्या वर्षांच्या गंगाजलानं आणि हळदीकुंकवानं पानं एकजीव झाली होती.

“बाबा, ये तो पूरी ईंट हो गई!” ईशानी म्हणाली. पंतांची ही धाकटी मुलगी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होती.

“मराठीत बोल,” पंत म्हणाले.

“वीट झालीय.”

ते मराठीत जास्तच लागलं.

“पोथीच नको म्हणतेय,” देवव्रत मिशीत हसले. “तिला ठाऊक आहे आत काय आहे ते.”

वीणाताईंनी चष्मा लावून पोथी चारी बाजूंनी पाहिली. “घाई नको. हे काम जाणकाराचं आहे. मी दिल्लीला पाठवते. दोन-तीन वर्षांत पानं सुटून येतील.”

“तीन वर्षं?” पंत म्हणाले. “मी अडुसष्टचा आहे!”

“आणि मी एकोणसत्तरचा,” देवव्रत म्हणाले. तिथंही त्यांना एकानं पुढे राहायचं होतं.

“वाफ दिली तर सुटतील,” ईशानी म्हणाली. “हळू, लांबून. आई, मोदकपात्र कुठंय?”

पंत ताडकन उठले. “माझ्या पूर्वजाला उकडणार?”

“उकडत नाही हो, नुसती वाफ दाखवायची,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “पात्र सोवळ्यातलं आहे. चतुर्थीशिवाय काढत नाही मी.”

सोवळ्याचा मुद्दा पंतांना पटला. वीणाताईंना काहीच पटलं नव्हतं, पण दोन म्हातारे, एक तरुणी आणि एक पेटलेली शेगडी यांच्यापुढे त्यांचं संशोधन चाललं नाही. चाळणीवर केळीचं पान घातलं, त्यावर गोपीनाथशास्त्र्यांचा विजय ठेवला आणि झाकण लावलं. पाच जण शेगडीभोवती उभे राहिले.

दहा मिनिटांनी झाकण निघालं. कुंकू विरघळून पोथी युद्धातून आल्यासारखी दिसत होती, पण कडा सुटल्या होत्या. वीणाताईंनी पातळ सुरी घालून पहिलं पान अलगद सोडवलं.

“श्रीगणेशाय नमः,” त्यांनी वाचलं.

“यात विजय कोणाचा?” देवव्रतांनी विचारलं.

“अजून गणपतीचा.”

दुसऱ्या पानावर यजमानाची स्तुती होती. तिसऱ्यावर दोन्ही शास्त्र्यांची होती, आणि पंतांनी व देवव्रतांनी आपापल्या पूर्वजाची विशेषणं मोजली. ती सारखीच निघाली. चौथ्या पानावर वादाला तोंड लागलं: आधी ज्ञान की आधी मुक्ती? गोपीनाथशास्त्री बोलायला उभे राहिले, त्यांनी ‘आता’ म्हटलं, आणि पान संपलं.

पाचवं पान कोरं होतं.

सहावंही.

“गंगाजलानं शाई गेली असेल,” पंत म्हणाले.

वीणाताईंनी सातवं पान उजेडात धरलं. “नाही काका. इथं शाई कधी लागलीच नव्हती.”

आठवं, विसावं, पन्नासावं. पानं सुटत होती आणि वाळत घातलेल्या पापडांसारखी चटईवर पसरत होती. इतकी वर्षं ज्याला हात जोडले ते सगळं कोरं होतं. पंतांच्या कपाळावर घाम आला. तो वाफेचा आहे असं त्यांनी दोनदा सांगितलं. देवव्रतांचंही हसू मावळलं होतं, कारण आता ते कोणाला हसणार? निमगावकरांचा विजयही याच पानांत होता.

अगदी तळाशी एक पान निघालं. ते भरलेलं होतं. मोडीत.

“विजयपत्र!” पंत ओरडले.

“कोणाचं ते वाचा आधी,” देवव्रत पुढे सरकले.

मोडी फक्त वीणाताईंना येत होती. त्यांनी पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग पदर तोंडाशी धरला.

“काका, तुम्ही दोघं जरा बसा.”

“बसलोच आहोत.”

“मग पाणी प्या.”

दोघं पाणी प्याले. वीणाताई वाचू लागल्या:

“‘ज्येष्ठ मास. उष्मा भारी. स्तुतिपाठात चार घटका जाऊन वादास प्रारंभ होतो न होतो तों यजमानांनी भोजनास बोलाविले. पक्वान्न श्रीखंड. आग्रह फार जाहला. भोजनोत्तर उभयतांस निद्रा आली. जागे जाहलो तों तिसरा प्रहर टळोन सभा उठोन गेली होती, लेखकही गेला होता. पुन्हा सभा भरविणे यजमानास जड व उभयतांसही जड. सबब विचार ठरला की आपापले घरी आपणच जिंकलो ऐसे सांगावे. तीन दिवस सांगावे, एक दिवस शोभत नाही. शालजोडीपैकी एक एक घेतली. एकमेकांचे घरी जाऊ येऊ नये, म्हणजे बोभाटा होणार नाही. हे पत्र जो वाचील त्याने उभयतांस हसू नये.’ खाली दोघांच्या सह्या आहेत.”

शेगडीवर पात्रातलं पाणी खळखळत होतं.

“म्हणजे ती शाल...” देवव्रतांनी सुरुवात केली.

“कसरीनं खाल्ली नव्हती,” पंत म्हणाले.

“आणि पुरातही गेली नव्हती.”

पावणेदोनशे वर्षांत टोकेकर आणि निमगावकर यांचं प्रथमच एकमत झालं होतं. पंत खाटेकडे बघत होते. खाटेखाली पाटी होती. सकाळी गवंडी येणार, गल्ली जमणार, आणि पुण्याचं पुस्तक सांगणार की गोपीनाथशास्त्री श्रीखंड खाऊन झोपले. मुंजीत मांडीवर बसून ऐकलेला वडिलांचा आवाज त्यांना आठवला. तो आवाज भरून आलेला होता. तो खोटा कसा म्हणायचा?

“वीणाताई,” पंत हळूच म्हणाले, “हे पान नाही छापलं तर नाही का चालणार?”

“अगदी माझ्या मनातलं बोललात,” देवव्रत म्हणाले. “छापाल तर आम्ही दोघं मिळून नाही म्हणू. काय टोकेकर?”

“बिलकुल. मिळून.”

“अहो काका, पण का?” वीणाताईंचे डोळे चमकत होते. “काशीत मी आजवर चाळीस विजयपत्रं पाहिली. चाळीसही घराणी जिंकलेली! या शहरात शास्त्रार्थ हरलेला माणूस मला भेटलेला नाही. ‘आम्ही वाद घातलाच नाही, आम्ही झोपलो’ असं स्वतःच्या हातानं लिहून सही करणारे पंडित फक्त तुमच्या या दोन घरांत निघाले. हा एकमेव कागद आहे. मी याच्यापासूनच पुस्तक सुरू करणार.”

“एकमेव?” पंतांनी विचारलं.

“एकमेव.”

पंतांची पाठ एकेक मणका करत सरळ होत गेली. डोळ्यांत पाणी होतं, पण मान वर आली.

“ऐकलंस, ईशानी?” ते म्हणाले. “खरं लिहिणारा काशीतला पहिला पंडित टोकेकर होता.”

“टोकेकर कसा?” देवव्रतांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. “अक्षर बघा ते! लपेटदार, तिरकं. निमगावकरांचा हात आहे. माझे आजोबा पोस्टकार्डसुद्धा असंच लिहायचे.”

“अक्षर असेल तुमचं, विचार कोणाचा? ‘तीन दिवस सांगावे, एक दिवस शोभत नाही’. ही दूरदृष्टी आमच्याकडची. पार्सल कधी मिळेल म्हणून कोणी विचारलं तर मी एक दिवस कधीच सांगत नसे.”

“विचार झोपेतून उठल्यावरचा आहे. आधी जागा कोण झाला? निमगावकर पहाटे चारला उठतात.”

“उठत असतील. पण झोप आधी कोणाला लागली? मूळ झोपेत आहे! आमच्या घरात पाठ टेकायचाही अवकाश लागत नाही. माझे वडील वरण वाढून घेताना झोपत. प्रेमला, सांग की.”

“तुम्ही लग्नात झोपला होतात,” प्रेमलाबाईंनी साक्ष दिली.

“बघा!” पंत अभिमानानं म्हणाले. “भर होमापुढे!”

“अरे महाराज, होमापुढे कोणीही झोपेल. माझे काका नावेत वल्हं मारताना झोपायचे आणि नाव बरोबर घाटाला लागायची!” देवव्रतांनी मांडी घालून बैठक मारली. “वहिनी, आता चहा टाकाच. हा वाद चांगला तीन दिवस चालेल.”

पंतही समोर मांडी घालून बसले. उपरणं सावरलं. वीणाताईंनी कोरी वही उघडून पेन सरसावलं. गल्लीतले दोघे-चौघे दारात डोकावू लागले. चटईवर पानं वाळत होती, आणि पंतांनी डावा हात उंचावून ‘आता’ म्हटलं.

तेवढ्यात प्रेमलाबाई आतून रिकामी पिशवी घेऊन आल्या आणि दोघांच्या मधोमध ठेवून म्हणाल्या,

“वाद सावकाश होऊ द्या, माझी काही ना नाही. फक्त जो हरेल त्यानं तेवढं कोपऱ्यावरच्या चक्कीतून दळण आणून द्यावं.”