टायमिंग बेल्ट आणि चार ओरखडे

"मनगटी घड्याळातला मोहरीहून बारीक स्क्रू मी बोलता बोलता बसवतो, आणि एवढ्या थोरल्या गाडीचा एक पट्टा मला बदलता येणार नाही?"

शनिवारी दुपारी घड्याळजी असं बायकोला म्हणाले, तेव्हाच कुणीतरी त्यांच्या हातातला पाना काढून घ्यायला हवा होता. पण घरात होत्या दोघीच. बायको गाडीत डोळे पुसत बसली होती, आणि सासूबाईंना तर इंजिनाच्या आत काय असतं ते कधीपासून बघायचं होतं!

त्याचं असं झालं. सोमवारी सकाळी अकरा वाजता बायकोची लायसन्सची परीक्षा होती. घड्याळजी दिवसभर दुकानात. आईला दवाखान्यात न्यायचं तर दर वेळी कुणाची तरी मनधरणी करावी लागते, म्हणून पन्नाशी उलटल्यावर ती हट्टाने गाडी शिकली. दोनदा नापास झाली. या खेपेला गचके खाल्ले तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं तिने जाहीर केलं होतं. आणि नेमकी शनिवारी सरावाला निघाली, तर फाटकातच इंजिन 'फट्' करून गप्प झालं.

"अहो, मी काय केलं हो?" ती रडकुंडीला आली.

गॅरेजवाल्या मिस्त्रीला फोन लावला. तो परगावी. "टायमिंग बेल्ट तुटला असणार," तो म्हणाला. "नशीब समजा, या इंजिनात बेल्ट तुटला तरी आतलं काही वाकत नाही. मी सोमवारी नऊला पोचतो. पण काम संपेपर्यंत दुपार होईल."

"दुपार? मग परीक्षा?" बायकोने विचारलं.

घड्याळजींनी बाह्या सरसावल्या. "बेल्ट मी बदलतो!"

"काका, नुसता बेल्ट बदला," पलीकडून मिस्त्री ओरडला. "दुसऱ्या कशालाही हात लावू नका!"

आता ज्या माणसाने बंद झाकण दिसलं की ते उघडून बघण्यात चाळीस वर्षं घालवली, त्याला असं सांगून काय उपयोग? घड्याळजींनी नवा बेल्ट आणला, गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं, प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. आत तुटका पट्टा लोंबत होता. वर एक दातेरी चाक, खाली एक दातेरी चाक. घड्याळजींचा चेहरा उजळला. "अगं, हे तर घड्याळच आहे! फक्त वाढ जरा जास्त झालीय."

"आणि जावईबापू, त्या झाकणाच्या मागे काय असेल हो?" सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"बघू या की!"

तिथून पुढे दोघांना आवरायला कुणी उरलं नाही. एका झाकणामागे पंप निघाला, पंपामागे आणखी एक झाकण. जावई खोलत होते आणि सासूबाई नट-बोल्ट मोजून स्वयंपाकघरातल्या वाट्यांत भरत होत्या. संध्याकाळपर्यंत घरातल्या झाडून सगळ्या वाट्या संपल्या. बायकोने जेवायला वाढलं तेव्हा आमटी पेल्यातून प्यावी लागली. "परवा अकरा वाजता हं," एवढंच ती म्हणाली.

"दहाला गाडी दारात उभी असेल!"

रविवारी सकाळी घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून एकेक भाग पुसायला घेतला, कारण त्यांच्या हातून काही मळकं परत बसल्याचं आजवर घडलं नव्हतं. आणि अचानक ते कळवळले. "काय हा रानटीपणा!"

"काय झालं?" सासूबाई धावल्या.

"हे बघा! वरच्या चाकावर ओरखडा. खालच्या चाकावर ओरखडा. इंजिनाच्या अंगावर आणखी दोन! कुणा धांदरटाचा स्क्रू ड्रायव्हर घसरला असणार. माझ्या दुकानातून असं घड्याळ बाहेर पडलं असतं, तर मी तोंड दाखवलं नसतं."

मग पॉलिश पेपर निघाला. तीन तास घड्याळजी ते चार ओरखडे घासत होते. सासूबाई बोट फिरवून तपासत होत्या. "अजून लागतोय हो हाताला. घासा थोडं." शेवटी चाकं अशी लखलखली की त्यांत सासूबाईंनी केस नीट केले.

दुपारी सगळं जागच्या जागी गेलं. एकही बोल्ट उरला नाही! बेल्ट चढवताना बायकोने फक्त एवढंच विचारलं, "अहो, कुठला दात कुठे बसवायचा, असं काही नसतं का?"

"अगं, चाळीस वर्षांत एका तरी मनगटी घड्याळातल्या चाकाने मला विचारलं का, मी कुठल्या दातावर बसू? दातात दात अडकला की झालं!"

किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं, आणि मागून असा आवाज निघाला की सासूबाई खुर्चीसकट दोन हात मागे सरकल्या. बेल्ट एक दात पुढे घेतला, तेच. दोन दात मागे घेतला, तेच. अंधार पडायच्या सुमाराला घड्याळजी पायरीवर बसले. त्यांना फार वाईट वाटत होतं. इंजिनाचं नव्हे, बायको आत परीक्षेचं पुस्तक मिटून ठेवताना त्यांना दिसली होती.

सोमवारी नऊला मिस्त्री आपला पिकअप घेऊन आला. कव्हर काढून आत वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"काका, खुणा कुठायत?"

"कसल्या खुणा?"

"कंपनीने खोदलेल्या. दोन्ही चाकांवर एकेक रेघ असते, इंजिनावर दोन. रेघेसमोर रेघ आणायची आणि मग बेल्ट चढवायचा."

घड्याळजींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंना एकाएकी आत काहीतरी काम आठवलं.

"त्या रेघा होत्या होय?" घड्याळजी पुटपुटले. "मी म्हटलं, ओरखडे. तीन तास लागले घासायला."

मिस्त्री जमिनीवर बसला. आधी त्याने कपाळाला हात लावला, मग त्याला हसू आवरेना. "प्लगच्या भोकातून काडी घालून पिस्टन वर कधी येतो ते बघेन, बाकीचं हिशेबाने जुळवेन. पण वेळ लागणार! काकू, तुम्ही माझा पिकअप न्या. गिअर तेच, फक्त क्लच जरा जड आहे."

"एवढं धूड? मला नाही जमणार."

"गल्लीत एक चक्कर मारा, मग बोला."

चक्कर झाली. परीक्षेच्या मैदानापर्यंत पिकअप घड्याळजींनी चालवला, तिथे बायको स्टिअरिंगवर बसली. रांग सरकता सरकता एक वाजला, तेव्हा कुठे परीक्षा घेणारे साहेब कागद घेऊन आले, पिकअपमध्ये डोकावले आणि घड्याळजींना म्हणाले, "सीट दोनच आहेत. तुम्ही उतरा."

"पण मी नेहमी—"

"उतरा."

घड्याळजी कुंपणाला नाक लावून उभे राहिले. मध्येच मिस्त्रीचा फोन आला: गाडी सुरू झाली, नव्या खुणा चांगल्या खोल खोदल्यात, हात लावाल तर याद राखा! पण त्यांचं लक्ष कुठे होतं? पिकअप वळला, चढावर थांबला, तसूभरही मागे न येता वर गेला, आणि उलटा येऊन दोन खांबांच्या मधोमध उभा राहिला. एकदाही बंद पडला नाही.

बायको कागद फडकावत आली. "पास!"

घड्याळजींना भरून आलं. पण भरून आलं तरी चौकसपणा थोडाच जातो! "अगं, पण जमलं कसं? आपल्या सवयीच्या गाडीत दोनदा नापास, आणि परक्या धुडात पास? यामागे काय असेल?"

"मलाही तेच कोडं पडलं. म्हणून साहेबांनाच विचारलं."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, मागच्या दोन्ही वेळी मागच्या सीटवरून कुणीतरी सारखं 'क्लच! क्लच!' ओरडत होतं."

परतीच्या वाटेवर बायकोने पिकअप चालवला. पहिल्याच वळणावर घड्याळजींनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि घर येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत दिव्याचे खांब मोजत राहिले.