छत विभाग, ठीक!

वीज हा विषय माझ्यासमोर काढायचा असेल, तर तासभर मोकळा ठेवून या! अडतीस वर्षं वीजकेंद्रात नोकरी केलीय या तात्सुओ मियावाकीनं. माझ्या पाळीत अख्ख्या हिमेजीत कधी दिवा लुकलुकला नाही, असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, पण लोक नाही म्हणत नाहीत.

त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही घरगाडी घेतली, तेव्हा तिच्या छतावरची दोन सौर पॅनेलं मी स्वतः बसवली. गाडी छोटीशी, पांढरीशुभ्र. आत झोपायला फळी, एक शेगडी आणि एक फ्रिज.

"बघ फुसाए," मी बायकोला म्हणालो, "आजपासून सूर्य आपला नोकर!"

"आणि नोकर रजेवर गेला तर?" फुसाएनं विचारलं.

"माझ्या हाताखालचा माणूस रजेवर जात नाही!"

"बरं. पण एक सांगून ठेवते. मडक्याला काही झालं, तर त्याच दिवशी घरी परतायचं. आणि गाडी विकायची!"

मडकं माझ्या आईचं. खारवलेल्या तांदळाच्या कोंड्यानं भरलेलं. त्यात काकडी-वांगं पुरायचं, दुसऱ्या दिवशी लोणचं तयार. साठ वर्षं तोच कोंडा चालू आहे. आई गेल्यापासून फुसाए रोज सकाळी त्यात कोपरापर्यंत हात घालून ढवळते आणि त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलते. ऐन उन्हाळ्यात ते बाहेर राहिलं की दोन दिवसांत कोंडा नासतो. थोडक्यात, आमचा प्रवास मडक्यावर, मडकं फ्रिजवर, फ्रिज बॅटरीवर आणि बॅटरी माझ्या पॅनेलांवर! मला तर पार उत्तर टोकाला, होक्काइदोपर्यंत जायचं होतं.

जुलैच्या शेवटी आम्ही शिमानेच्या किनाऱ्यावर घरगाड्यांच्या एका तळावर गाडी लावली. जागा झकास. समोर समुद्र, मागे गरम पाण्याचं स्नानगृह. नियम मात्र कडक. जमिनीवर काही मांडायचं नाही, इंजिन उगाच चालू ठेवायचं नाही. शेजारी कुवाबारासान. गिफूचे निवृत्त बसचालक. त्यांची गाडी आमच्या दुप्पट उंच. त्यांच्या बायकोला वरच्या झोपायच्या कप्प्यातल्या खिडकीतून सगळा तळ दिसायचा.

पहिल्याच सकाळी मी दोघांना आणि फुसाएला समोर उभं करून व्याख्यान दिलं.

"लोकांना वाटतं, पॅनेल जितकं तापेल तितकी वीज जास्त. साफ चूक! तापलं की पॅनेल मंदावतं. पॅनेल थंड ठेवणं, ही खरी विद्या!"

"अस्सं!" कुवाबारासान म्हणाले.

"थंड ठेवायचं होय..." फुसाए म्हणाली. ती फार लक्ष देऊन ऐकत होती. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, मला तिथेच संशय यायला हवा होता!

आता आमची कामाची पद्धत सांगतो. केंद्रात आम्ही प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात पुकारायचो. "फ्यूज, ठीक! तार, ठीक!" बोट आणि तोंड एकदम चाललं की चूक होत नाही. गाडीतही रोज सकाळी तीच पद्धत. फक्त छत फुसाएकडे. कारण दोन वर्षांपूर्वी मी पर्सिमनच्या झाडावरून शेजाऱ्यांच्या मुळ्याच्या वाफ्यात पडलो होतो, आणि आता या जन्मी शिडी चढणार नाही असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलंय. ती वर चढते, मी खाली उभा राहून ओरडतो, "छत विभाग?" वरून उत्तर येतं, "ठीक!" मग ती नोंदवहीत लिहिते आणि मी माझा गोल शिक्का मारतो. काम कसं चोख!

पहिल्या संध्याकाळी बॅटरी शंभर टक्क्यांवरून ऐंशीवर आली. आभाळ निरभ्र, ऊन रणरणतं, आणि बॅटरीच्या पडद्यावर वीज येताना दिसत होती ती दोन अँपिअर. यायला हवे होते दहा!

"काही बिघडलंय का?" फुसाएनं विचारलं.

"बिघडेल कसं? मी बसवलंय!"

दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन बसलो. फळीखालचं सगळं खोललं. फ्यूज, ठीक! तारांचे जोड, ठीक! बॅटरीची टोकं घासूनपुसून चकचकीत केली. दुपारपर्यंत गाडीत बसायला जागा उरली नाही. फुसाए भाताचा गोळा हातात घेऊन दारात उभ्यानं जेवली. वीज? दोन अँपिअर!

"छत विभाग!" मी ओरडलो. "पुन्हा एकदा बघ!"

ती निमूट वर चढली. "ठीक! अगदी छान ऊन लागतंय!"

"बघा," मी कुवाबारासानना म्हणालो, "छत ठीक, तारा ठीक. मग वीज जाते कुठे?"

कुवाबारासाननी मान खाजवली. आमच्या छताकडे बघितलं, मग समुद्राकडे बघितलं. "मियावाकीसान, तुम्ही तर जाणकार. मी आपला बस चालवणारा. पण... सावली कधी कधी, म्हणजे, पडते म्हणे."

"सावली! अहो, तेच!" गाडीपासून वीस पावलांवर एक पाइन वृक्ष उभा होता. त्याची सावली आमच्यापर्यंत पोचत नव्हती, पण पोचायचा विचार करत असावी! मी लगेच गाडी पुढे घ्यायला बसलो.

"सावकाश हं!" फुसाए किंचाळली. "अगदी सावकाश! धक्का नको!"

मडक्याची केवढी काळजी बाईला! मी गोगलगायीच्या चालीनं गाडी तीस पावलं पुढे घेतली. कुवाबारासान श्वास रोखून बाजूनं चालत होते, नजर सारखी वर. गाडी थांबली तेव्हा त्यांच्या बायकोनं खिडकीतून टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला.

वीज? दोन अँपिअर! संध्याकाळी बॅटरी बावन्नवर.

तिसऱ्या दिवशी सकाळी अडतीस. विसावर आली की फ्रिज आपोआप बंद होणार. फुसाए मडकं ढवळत होती आणि त्याला सांगत होती, "थोडं सोस हो बाळा. घरी गेलो की तुला कायमचा थारा."  अडतीस वर्षांची अब्रू, होक्काइदोचा प्रवास, माझी गाडी, सगळं एका मडक्यापायी जाणार!

"बहुतेक कुठलं तरी पॅनेलच मेलंय," मी कुवाबारासानना कबूल केलं. 

"छे छे! पॅनेलं उत्तमच असणार!" ते घाईघाईनं म्हणाले. "फक्त... त्यांना जरा मोकळा श्वास... म्हणजे, आज वाळवणाला ऊन चांगलं आहे, नाही?"

वाळवण! माझं घर बुडतंय आणि यांना वाळवण सुचतंय! मी मनातल्या मनात दात ओठ खाल्ले.

अकरा वाजता फुसाए खांद्यावर टॉवेल टाकून स्नानाला गेली, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समुद्राचा खारा वारा! वरती मिठाचा थर बसला असणार! नुसतं वरवर बघून तिला काय कळणार? तळावर धुण्यासाठी नळ होता, लांब पाइपही होता. शिडी चढायची नाही, एवढंच वचन दिलं होतं. पाणी चढवायचं नाही असं कुठे ठरलं होतं?

"मियावाकीसान!" कुवाबारासान धावत आले. चेहरा पांढराफटक. "पाणी... पाणी बहुधा... नसतं मारलं तर..."

"काळजी नको! विजेच्या माणसाला पाणी शिकवू नका!" असं म्हणून मी पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि फवारा सरळ छतावर सोडला.

वरच्या खिडकीतून कुवाबारांची बायको ओरडली, "अगं बाई! गेलं गेलं गेलं!"

आणि मग माझ्या पांढऱ्याशुभ्र गाडीच्या कपाळावरून लालभडक धार ओघळली. एक, दोन, पाच. काचेवर लाल, दारावर लाल, माझ्या टोपीवर लाल. मी अडतीस वर्षांत जळलेली तार पाहिली, फुटलेलं यंत्र पाहिलं, पण रक्त गाळणारं पॅनेल कधी पाहिलं नव्हतं! घाबरून मी पाइप सोडला. तो नागासारखा वळवळला आणि त्यानं कुवाबारासानना आपादमस्तक न्हाऊ घातलं. तेवढ्यात एक लाल थेंब माझ्या ओठांवर आला. आंबट! खारट! ओळखीचा!

वरून टप्पकन एक फळ माझ्या पायाशी पडलं. उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट आलुबुखार.

"माझे उमे!" मागून आवाज आला. फुसाए ओल्या केसांनी उभी होती. जूनमध्ये मिठात मुरत घातलेले, लाल पानांनी रंगवलेले उमे. बरणी तिच्या आसनाखाली आहे एवढं मला माहीत होतं, पण तिच्या खात्यात मी डोकावत नाही. ऐन उन्हाळ्यात त्यांना तीन दिवस सलग ऊन द्यायचं, आणि पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. आज तिसरा दिवस!

"तू पॅनेलांवर वाळवण घातलंस?" मी ओरडलो. "माझ्या पॅनेलांवर?"

"मग? जमिनीवर मांडायला बंदी. आणि तुम्हीच म्हणालात ना, पॅनेल थंड ठेवणं ही खरी विद्या? म्हटलं, दोन मोठ्या टोपल्या, खाली जाड कापड. उम्यांना ऊन, पॅनेलांना सावली. एका दगडात दोन पक्षी!"

"मला सांगायचं तरी!"

ती आत गेली, नोंदवही आणली आणि माझ्यासमोर उघडून धरली. पहिला दिवस, छत विभाग, तिच्या सुबक अक्षरात: 'दोन्ही पॅनेलं उम्यांच्या टोपल्यांनी झाकली. आता थंड आहेत. ठीक.' दुसरा दिवस: 'झाकलेली आहेत. उमे पालटले. ठीक.' तिसरा दिवस: 'तसंच. ठीक.' आणि तिन्ही नोंदींखाली, एकही वाकडा नाही, माझा गोल लाल शिक्का!

मी कुवाबारासानकडे वळलो. त्यांच्या भुवयांवरून पाणी टपकत होतं. "तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, तळावर सगळ्यांनाच माहीत होतं," ते खाली मान घालून म्हणाले. "पण अडतीस वर्षांच्या जाणकाराला कसं सांगायचं? म्हटलं, काहीतरी नवं तंत्र असेल."

टोपल्या खाली उतरवल्या. मी पडद्याकडे धावलो. अकरा अँपिअर! बॅटरी चोवीसवर येऊन थांबली होती. ती हळूहळू वर चढू लागली. फ्रिज एकदाही बंद पडला नव्हता. मडकं थंडगार होतं. फुसाएनं झाकण उघडून वास घेतला, आणि तिचा चेहरा निवळला तसा माझाही जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. उम्याचं असेल.

"म्हणजे घरी नाही ना जायचं?" मी हळूच विचारलं.

"जाणार कसं? उम्यांना नव्यानं तीन दिवस ऊन द्यायचंय."

"पण जमिनीवर मांडायला बंदी..."

"तुमच्या मांडीवर कुठे बंदी आहे?"

तर मंडळी, सध्या मी समुद्रकाठच्या खडकावर बसलोय. मांडीवर एक टोपली, शेजारी दुसरी. वर दोन घारी घिरट्या घालताहेत, त्यांना टोपीनं हाकलतोय. दर दोन तासांनी फळ पालटतोय. कुवाबारासान येऊन बसतात, थंड चहा आणतात, आणि आता मनात येईल ते स्पष्ट बोलतात. त्यांची बायको तर वरच्या खिडकीतूनच सूचना देते.

आज सकाळी तपासणी फुसाएनं केली. शिडीवरून उतरली, बोट दाखवून पुकारू लागली. "पॅनेल, उघडं, ठीक! बॅटरी, भरलेली, ठीक! फ्रिज, ठीक! मडकं, ठीक!" मग बोट माझ्याकडे वळलं आणि तिथेच थांबलं. तिनं मला टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं, आणि वहीत लिहीत मोठ्यानं वाचलं, "तात्सुओ. जुना माल. चालू आहे. देखरेखीखाली ठेवावा."

आणि शिक्का माझ्यापुढे केला. या खेपेला मी आधी वाचलं. मगच मारला.