पेन्सिलीतली विमानं

आमच्या वाकोल्याच्या इमारतीत कुठल्याही कामाला उशीर झाला, की तळमजल्यावरचे दळवीकाका एकच निदान करतात. "विमान तयार आहे रे, सीटा यायच्यात!"

लिफ्ट दुरुस्त होत नव्हती, तेव्हा सीटा यायच्या होत्या. जोश्यांच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, तेव्हाही सीटाच. जोशीवहिनी दोन महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

काका एका विमान कंपनीत होते. कुठलं विमान कुठल्या मार्गावर घालायचं, नवं कधी येणार, जुनं कधी काढायचं, हे ठरवणाऱ्या खात्यात त्यांनी नोकरी काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ते खातं अजून स्वयंपाकघरातून चालवतात. लांब पल्ल्याची नवी मोठी विमानं कंपनीने मागवली आहेत. ती कारखान्यात रंगवून उभी आहेत, पण आतल्या सीटा दुसरीकडे बनतात आणि त्या काही वेळेवर येत नाहीत. काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, "म्हणजे नवरदेव मांडवात आणि पाट सुताराकडे!"

भिंतीवरच्या कॅलेंडरवर काका विमान येण्याची तारीख लिहितात. पेन्सिलीने. तारीख पुढे गेली की खोडायची, पुढच्या महिन्यावर लिहायची. "मुदत पेनाने लिहिणारा माणूस आमच्या खात्यात टिकला नाही," असं ते अभिमानाने सांगतात.

आमच्या गच्चीवरून विमानं फार खालून जातात. काका डोळे मिटून आवाज ओळखतात. एकदा म्हणाले, "हे म्हातारं आहे. केव्हाच घरी बसवायला हवं होतं. नवं येत नाही, म्हणून यालाच पिदडतात."

"काका, स्वतःबद्दल बोलताय का?" मी विचारलं.

"मला कोण पिदडतंय? मी सुटा आहे."

त्यांची मुलगी मंजू ह्यूस्टनला असते. नवी विमानं आली की कंपनी तिथे थेट जाणार, आणि काका त्याच विमानाने जाणार. दुसऱ्या कंपनीच्या विमानात पाय ठेवायचा नाही, मध्ये उतरून बदलायचं नाही. "अगो, जिचं मीठ खाल्लं तिच्याच विमानाने येईन," असं ते मंजूला फोनवर सांगताना मी अनेकदा ऐकलं आहे. मी हसत असे. मलाही तो हट्ट गमतीचाच वाटे.

यंदा माझी आई आजारी पडली. डॉक्टरांनी मंगळवारी मला बाजूला घेऊन सांगितलं, भावाला बोलावून घ्या. नितीन न्यूयॉर्कला असतो. तो म्हणाला, "दादा, शुक्रवारी डायरेक्ट आहे. त्याने येतो, आईला सांग." विमानं कमी पडत असल्यामुळे थेट फेरी आठवड्यातून मोजकेच दिवस होती.

घरी येताना काका जिन्यात भेटले. फेरी त्यांच्याच कंपनीची, त्यांना बरं वाटेल म्हणून मी सांगितलं. ते एकदम ओरडले. घाईत ते मालवणीत शिरतात.

"शुक्रवार? खुळो की काय तू? वाट बघू नको. मिळात ता विमान पकडूक सांग तेका! दोनदा उतरूंदे, तीनदा उतरूंदे. आत्ता फोन लाव. माझ्यासमोर लाव."

मी जिन्यातच फोन लावला.

नितीन दोन ठिकाणी विमान बदलून गुरुवारी दुपारी पोचला. आईने डोळे उघडले, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवलास?" तो नाही म्हणाला, तर माझ्याकडे रागाने पाहिलं. शुक्रवारी दुपारी आई गेली. थेट विमान तेव्हा तिकडून सुटलंही नव्हतं.

तेरावं झाल्यावर मी काकांकडे गोडाचा डबा घेऊन गेलो. आभार कसे मानायचे ते मला कळत नव्हतं. मी नुसतंच म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्ही ओरडला नसता तर..."

काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. त्याच खिळ्याला मागे आणखी एक होतं, तीन वर्षांपूर्वीचं; काकू गेल्या त्या सालचं. तारखा खोडून खोडून कागदाला भोकं पडली होती. समासात मात्र निळ्या पेनाने, काकूंच्या अक्षरात, लिहिलेलं होतं: मंजूसाठी आमसुलं, कुळथाचं पीठ, मेतकूट, तिची लहानपणची वाटी.

"ती म्हणायची, मिळेल त्या विमानाने जाऊया हो, मी उतरेन चारदा," काका म्हणाले. "मीच म्हटलं, थांब गो. सीटा यायच्यात."

वरून एक विमान गेलं. काकांनी ते ओळखलं नाही.

मग डब्यातला लाडू त्यांनी मोडला, अर्धा मला दिला. "मंजूक फोन लाव रे," म्हणाले. "सांग तिका, बाबा दोनदा उतरून येतत. आणि ती वाटी शोधूक मदत कर माका. माळ्यावर असतली."

मी फोन काढला. ते नव्या कॅलेंडरसमोर उभे राहिले, खिसे चाचपले आणि माझ्याकडे वळले.

"पेन आसा काय तुझ्याकडे?"