भिंतीवरचा नान

ओयदिन तंदूरमध्ये नान लावत होती, तेवढ्यात अंगणातल्या तुतीखाली कुणीतरी धप्पकन पडलं. तिने चिमटा उगारला आणि तो उगारलेलाच राहिला. लांब झगा, पांढरी दाढी, कमरेला पितळी चक्रांचं यंत्र. साक्षात मौलाना बहरामी! तारे मोजणारे, सहाशे वर्षांपूर्वीचे! चौकातल्या त्यांच्याच पुतळ्याला तिने लग्नाच्या दिवशी फुलं वाहिली होती.

"काळ ओलांडणं सोपं आहे गं लेकी," मौलाना झगा झटकत म्हणाले, "पण भूक भारी लागते."

"बसा बाबा, टेका! आत्ता पुलाव आणते!" ती धडपडत आत पळाली. एवढा मोठा माणूस, आणि तिच्या घरी!

ती ताट घेऊन आली, तर मौलाना भिंतीशी बसून मिटक्या मारत होते. वरचा खिळा रिकामा.

"अहो बाबा, हे काय केलंत! माझ्या शेरझोदचा नान तो!"

पोरगा सैन्यात जाताना त्या नानचा एक घास तोडून गेला होता. उरलेला भिंतीवर टांगून ठेवायचा, आणि त्यानेच परत येऊन संपवायचा. तोवर कुणी बोट लावायचं नाही, अशी समरकंदची रीत. ओयदिन मटकन खाली बसली. "आता माझं पोर कसं परत येणार हो?"

मौलानांचा घास घशातच अडकला. "उष्टा होता? आणि मी यंत्राजवळ बसून खाल्ला? या अल्ला! अगं, मी घरी जातो तो असाच! माझा उष्टा नान बायकोकडे टांगलाय. ती जुळ्या यंत्राजवळ बसून तो संपवते, की मी घरी. यंत्राला एवढंच कळतं, नान संपला म्हणजे माणूस आला."

धप्प! तुतीखाली शेरझोद उभा. एका गालावर साबण, हातात वस्तरा.

"आई? मी तर छावणीत दाढी करत होतो!"

ओयदिनने त्याला असं कवटाळलं की साबण तिच्याही गालाला लागला. मग एकदम भानावर आली. "मेल्या, हजेरीला नसलास तर पळपुटा म्हणून तुरुंगात घालतील की रे!"

"उलटं चक्र फिरवतो, होता तिथेच पोचेल," मौलाना ओशाळून म्हणाले.

तिने तंदूरमधला नान काढला. शेरझोदने घाईघाईने लचका तोडला, जीभ भाजली, आणि "आई, गरम..." म्हणता म्हणता तो गेला.

मौलाना यंत्र बाजूला काढून पुलाव खायला बसले. "वा लेकी, असा पुलाव..." एवढंच बोलले आणि दिसेनासे झाले. तिकडे बायकोने नान संपवला असावा. यंत्र मात्र तुतीखालीच राहिलं, टिकटिकत.

संध्याकाळी नवरा तुर्दिबोय आला, तेव्हा ओयदिन शिडीवर चढून, नवा नान टांगायला खिळा ठोकत होती.

"अगं, इतका उंच? तुझासुद्धा हात पोचायचा नाही."

"म्हणून तर," तुतीखालच्या यंत्राकडे बघत ती म्हणाली.